हवेच्या डब्यातलं बाळ

बापाने बाळाला स्वतःच काट्यावर ठेवलं. त्याची उजवी मूठ दोन बोटांत अलगद दाबली आणि मगच हात मागे घेतला.

“अठराशे दोन,” मोजणाऱ्या ताईंनी वाचलं.

अठराशे ग्रॅम झाले की घरी, असा वॉर्डाचा नियम. काल वीस कमी पडले होते. बाप कारखान्यात फिटर. एकेचाळीस दिवस थोरल्या लेकीची वेणी तोच घालत होता, तीही वाकडी. लेकीला आई हवी होती, आणि खरं सांगायचं तर त्यालाही बायको घरी हवी होती.

ताईंनी बाळाला पारदर्शक डब्यात सरकवलं आणि झाकण लावलं. बाळ किती हवा बाजूला सारतं, यावरून हा डबा त्याचं आकारमान काढतो. वजनाशी त्याचा मेळ घातला की अंगावर चरबी किती ते कळतं, कारण चरबी हलकी आणि बाकीचं अंग जड.

दोन मिनिटांनी ताईंच्या कपाळाला आठी पडली.

“चरबी आठ टक्के? परवा तर साडेनऊ होती. वजन वाढलं आणि चरबी घटली, असं कसं?”

डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला. “बाहेरचा गारवा सोसायचा नाही याला. आठवडाभर ठेवू. नाकातून नळी घालून जादा दूध देऊ.”

“पुन्हा नळी?” आईने विचारलं. नळी घालताना बाळ निळं पडायचं. दोघांनीही ते पाहिलं होतं.

“थांबा,” बाप म्हणाला. ताईंच्या हातातल्या बाळाची मूठ त्याने हळूच उघडली. आत स्टीलचा नट होता.

“उकळून घेतला होता,” तो पुटपुटला.

“अति शहाणा त्याचा बैल रिकामा!” ताई कडाडल्या. “तोंडात गेला असता म्हणजे? आणि अहो, लोखंड केवढं जड. डब्याने ते बाळाच्या अंगातच धरलं, म्हणून चरबी कमी दिसली.”

बाळ पुन्हा मोजलं. सतराशे शहाण्णव. चरबी दहा टक्के.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. “चार ग्रॅमसाठी नाही अडवत मी. अंग चांगलं भरलंय. जा घरी.”

बापाला हसू आवरेना, डोळेही आवरेनात. दुपट्यातल्या बाळासाठी त्याने हात पुढे केले.

आईने बाळाला छातीशी धरलं.

“पिशव्या तुम्ही घ्या,” ती म्हणाली. “बाळ माझ्याकडे राहू दे.”