शून्य आलंय ना?

डेपोत सगळे त्याला ‘फुंकेसाहेब’ म्हणत. बसची किल्ली घेण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरनं त्याच्या हातातल्या यंत्रात फुंकायचं, दारू निघाली की घरी जायचं. रोज उठून लोकांची तोंडं तपासायची, वर त्यांची थट्टा ऐकायची. माणूस विटणार नाही तर काय!

त्यात नववीतली लेक मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाऊन चक्क पिऊन आली. बायको रडली, तो घसा बसेपर्यंत ओरडला, आणि शेवटी त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. डेपोतलं जुनं यंत्र घरी आणलं. क्लासहून आली की दारातच फुंकायचं.

“अहो, मुलगी आहे ती, ड्रायव्हर नाही,” बायको म्हणाली. “जवळ घेऊन विचारा तरी तिला.”

“तूच विचार बाई. माझ्यात त्राण नाही उरलेलं.”

लेक मुकाट्यानं फुंकायची. शून्य. त्याचा जीव भांड्यात पडायचा आणि तो सोफ्यावर आडवा व्हायचा. पोरगी जेवत नाही, भरदिवसा झोपते, असं बायको कानीकपाळी ओरडायची. त्याचं पालुपद एकच : “शून्य आलंय ना? झालं तर मग.”

एका संध्याकाळी शून्य आलं आणि चप्पल काढता काढता लेक भिंतीला टेकून खालीच बसली. उगाच हसली. जीभ जड, डोळे भलतीकडेच. आणि या शहाण्यानं काय करावं? तिला पुन्हा फुंकायला लावलं! पुन्हा शून्य.

तेव्हा कुठे त्यानं यंत्र खाली ठेवलं. बायकोनं दप्तर उपडं केलं, तर झोपेच्या गोळ्यांची पाकिटं. तशीच तिला उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या खाटेशी उभा राहिला. “कधीपासून घेतेस गं?”

“तुम्ही ते यंत्र आणलंत तेव्हापासून. मैत्रीण म्हणाली, गोळ्या त्यात कळत नाहीत.”

“अगं, पण मला सांगायचंस तरी!”

“कधी सांगणार, बाबा? तुम्ही फुंक म्हणायचात, मी फुंकायचे. मग तुम्ही झोपायचात.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज बसायचं तर तिच्याजवळच, एवढं त्याला कळलं. “आता सांग,” तो म्हणाला. “काय होतंय तुला?”

 पाय आखडून घेऊन तिनं त्याला खाटेवर जागा करून दिली.