पंचेचाळीस की शंभर

प्लाझ्मा कटर कोणता घ्यावा, या एका प्रश्नासाठी सुबरावांनी दोनशे पानी वही खर्ची घातली होती.

बेळगावच्या वडगावातल्या त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये सीएनसी टेबल उभे राहून तीन महिने झाले होते. लोखंडी चौकट, दोन्ही बाजूंचे रूळ, मोटारी, कंट्रोलर, सगळे त्यांनी निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत स्वतःच्या हातांनी जुळवले होते. संगणकावर काढलेली नक्षी ते टेबल पत्र्यावर रेघ न चुकता गिरवून दाखवत असे. त्या रेघेवर पत्रा चिरणारा कटर तेवढा अजून यायचा होता.

वहीत रकाने आखलेले होते. अँपिअर किती, दहा मिनिटांपैकी किती मिनिटे सलग चालेल, कटरच्या तोंडाची, म्हणजे टॉर्चची, ठिणगी कशी पेटते. उच्च वारंवारतेने पेटणारी मशीन कंट्रोलरला बिथरवतात, म्हणून ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात लाल शाईने खोडली. शेवटी दोन उरली. एक पंचेचाळीस अँपिअरचे, घरच्या सिंगल फेजवर चालणारे. दुसरे शंभर अँपिअरचे, थ्री फेज मागणारे. सुबरावांचा कौल शंभराकडे होता. टेक्निकल कॉलेजातून बाहेर पडल्यावर एकतीस वर्षे फाउंड्रीच्या मेंटेनन्समध्ये काढलेल्या या माणसाला यंत्र कमी पडण्याची नामुष्की चांगली ठाऊक होती. यंत्र जास्त झाल्याची तक्रार त्यांच्या कानावर कधी आली नव्हती.

अडचण एकच होती, आणि ती सुटली असे त्यांनी मानले होते. शेडमधली थ्री फेज लाइन मागाची होती. त्यांच्या वडिलांच्या काळात तिथे चार पॉवरलूम खडखडत. त्यातला एक उरला होता आणि त्यावर अंजनीबाई, म्हणजे सुबरावांची पत्नी, साड्या विणत. विजेच्या मंजूर भारात एक तर माग चालला असता, नाही तर मोठा कटर. शिवाय मोठ्या कटरला हवा पुरवणाऱ्या मोठ्या कॉम्प्रेसरला जागा हवी, ती मागाचीच. दिवाळीनंतर एका दुपारी जेवताना सुबरावांनी पत्नीला सांगितले की माग आता काढावा लागेल. तुझे गुडघेही दुखतात, तेव्हा बरेच झाले. अंजनीबाईंनी आमटी वाढता वाढता "बरं" म्हटले. वहीत नोंद झाली: 'माग काढणे. संमती मिळाली.' जुने माग विकत घेणारे खासबागचे मारुतीराव गुरुवारी टेम्पो घेऊन येणार होते.

त्याआधी मंगळवारी सुबराव संकेश्वरला निघाले. फाउंड्रीत पंधरा वर्षे त्यांच्या हाताखाली काम केलेला भरमू आता तिथे हायवेलगत उसाच्या ट्रॉल्या बांधत होता, आणि त्याच्याकडे ही दोन्ही मशीन होती. अंजनीबाईही पदर खोचून तयार झालेल्या पाहून सुबरावांना नवल वाटले. कुठलेही यंत्र बघायला त्या आजवर आल्या नव्हत्या. त्यांनी कारण सांगितले, संकेश्वरच्या मिरच्या.

निपाणीच्या बसमध्ये काकती मागे पडल्यावर त्यांनी विचारले, "घरात येवढं जाड काय कापणार तुमी?"

सुबरावांनी समजावले की शंभर अँपिअरला पंचवीस मिलीमीटरची प्लेट सहज कापते.

"पंचवीस मिलीमीटरचं गेट कुणाच्या घराला बघितलासा?"

पुढच्या सीटवरचा माणूस खिडकीकडे तोंड करून हसला. सुबरावांनी वही उघडली. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, नावाच्या पाट्या, सगळा माल तीन मिलीमीटरचा, फार तर सहाचा. पंचवीसचा आकडा फाउंड्रीतून त्यांच्याबरोबर घरी आला होता आणि रकान्यात जाऊन बसला होता. त्यांनी वही मिटली, पण मत बदलले नाही.

भरमूने दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि वही पाहून हात जोडले. "अण्णा, अजून वही सुटली न्हाय व्हय? आक्का, ह्येनी फाउंड्रीत नटबोल्टाचीबी जन्मतारीख लिवून ठेवायचे."

"घरात माझी तेवढी लिवायची ऱ्हायलीया," अंजनीबाई म्हणाल्या.

सुबरावांनी पेनड्राइव्ह पुढे केला. त्यात वेलबुट्टीची एक नक्षी होती. तीच नक्षी, तोच तीन मिलीमीटरचा पत्रा, आधी मोठ्या मशीनवर आणि मग लहानावर, असे त्यांनी ठरवून आणले होते. मोठ्या मशीनने कान फाटतील असा आवाज करत क्षणात वेल मोकळी केली. सुबरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. लहानाने थोडा अधिक वेळ घेतला. दोन्ही तुकडे पाण्यात निववून बाकावर ठेवले, तेव्हा भरमू आणि सुबराव त्यांवर वाकले. कॅलिपर लावून रुंदी मोजू लागले. वरून पाहता डावे-उजवे करावे असे काही नव्हते.

अंजनीबाईंनी दोन्ही तुकडे उचलले आणि उलटे केले. साडी पारखणारा विणकर समोरच्या बाजूला कधी भुलत नाही. तो पाठ बघतो आणि काठावरून नख फिरवतो. त्यांनी तेच केले. मोठ्या मशीनच्या तुकड्यावर नख पावलोपावली अडले. वितळून गोठलेल्या लोखंडाची खरपुडी खालच्या कडेला दाट चिकटली होती. लहानाच्या कडेवरून नख सरळ निघून गेले.

"ह्या थोरल्याचा काठ नख धरतोय," त्या म्हणाल्या. "साडी असती तर गिऱ्हाईकानं तोंडावर मारली असती."

सुबरावांनी तुकडा घेतला आणि बोटाने पाहिला. ही खरपुडी घासून काढायला नक्षी कापण्याच्या दुप्पट वेळ गेला असता, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. पत्र्याची दुसरी बाजू मात्र वहीच्या एकाही रकान्यात नव्हती.

भरमूने सांगितले की मोठ्यालाही बारीक नोझल लावून अँपिअर उतरवले, तर तेही स्वच्छ कापते. पण मग मोठे घेऊन मिळवले काय?

अंजनीबाईंनी त्याच्याकडे वळून विचारले, "भरमू, हे धाकटं घरच्या लायटीवर चालतं न्हवं? मागाच्या लाइनला हात लावाय लागत न्हाय?"

"न्हाय आक्का. येगळी जाड वायर वडली की झालं."

"आणि कॉम्प्रेसर? त्यो भिंतीकडंला बसंल?"

सुबरावांना आता उमगले. बायको मिरच्यांसाठी आली नव्हती.

"तू तर बरं म्हणाली होतीस," ते हळू म्हणाले.

"तुमी इचारलं कुठं? सांगितलासा. सांगितल्यावर मानसं बरंच म्हणत्यात."

भरमूला अचानक बाहेरच्या ट्रॉलीचे काही काम आठवले आणि तो निघून गेला.

"पण गुडघे?"

"गुडघं बसून दुखत्यात. मागाम्होरं उभं ऱ्हायलं की ध्यानातबी येत न्हाय."

दिवाळीनंतर मागावर नवा बीम चढला नव्हता, हे सुबरावांनी पाहिले होते. शेड शांत झाल्याने मोजमापे बरी होतात, असेही त्यांना वाटले होते. उभे धागे गुंडाळलेल्या त्या बीमशिवाय माग म्हणजे नुसता सांगाडा, हे विणकराच्या घरात जन्मलेल्या माणसाला कळायला हवे होते. त्यांना आता स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. तिथेच उभे राहून त्यांनी मारुतीरावांना फोन लावला. टेम्पो ठरवला आहे, शब्द दिला आहे, असे पलीकडून बरेच काही ऐकून घेतले, दोनदा माफी मागितली आणि गुरुवारी येऊ नका म्हणून सांगितले.

मग भरमूला बोलावून त्यांनी त्याच्या ओळखीच्या विक्रेत्याकडे पंचेचाळीस अँपिअरच्या मशीनची ऑर्डर नक्की केली. हातात धरायचा टॉर्च नको, टेबलावर बसणारा सरळ टॉर्च हवा, एवढे मात्र तीन वेळा बजावले.

परतीच्या बसमध्ये, मिरच्यांची पिशवी पायांशी ठेवून, त्यांनी नवी अडचण काढली. प्लाझ्माची काळी धूळ सुतावर बसली तर साडी वाया जाईल. टेबलाखाली पाण्याचा ट्रे ठेवता येईल, मध्ये पत्र्याची भिंत घालता येईल; तरीही माग चालू असताना कापू नये, हे बरे. ते थांबले आणि मग म्हणाले, "कापायचं कधी ठेवू? तू सांग."

अंजनीबाईंनी विचार केला. "अमावास्येला माग बंद असतोय."

"महिन्यातनं एकच दिवस?"

"बाकीचं बघू. सकाळची पाळी माझी."

बेळगावात उतरल्यावर घराकडे वळण्याआधी त्या शहापुरात सुताच्या दुकानात शिरल्या. नव्या बीमची मागणी नोंदवली आणि आडव्या धाग्यांसाठी रंग काढायला लावले. दुकानदाराने जांभळ्या सुताच्या दोन लडी पुढे ठेवल्या, तेव्हा त्यांनी सुबरावांना विचारले की यातला कुठला. सुबरावांनी चष्मा पुसून दोन्ही लडी उजेडात धरल्या आणि प्रामाणिकपणे कबूल केले की त्यांना दोन्ही एकच दिसतात.

अंजनीबाई स्टुलावर सावरून बसल्या आणि त्यांना फरक सांगू लागल्या. त्याला बराच वेळ लागला. सुबरावांनी सगळे ऐकून घेतले आणि मध्ये दोन शंकाही विचारल्या.