मिकोलाबद्दल लिहिलेली दोन पानं

कीवहून आलेली ई-मेल इंग्रजीत होती. उल्काने ती वडिलांना वाचून दाखवली.

श्रीपती मुळ्ये रत्नागिरीत आयटीआयचे शिक्षक होते, आता निवृत्त. ब्याऐंशी साली, विशीत असताना, ते शिष्यवृत्तीवर कीवला शिकायला गेले होते. तेव्हा तिथे सोव्हिएत राज्य होतं.

"मी मिकोलाची मुलगी, लेस्या," असं पत्रात होतं. "जुन्या गुप्त पोलिसांची दप्तरं आता खुली झालीत. बाबांच्या फायलीत तुमच्या सहीची दोन पानं सापडली. ती कशासाठी हवी होती, हे तुम्हाला माहीत होतं का?"

मिकोला वसतिगृहात त्यांच्याच खोलीत राहायचा. कारखाना कामगारांचा, असं साम्यवादाच्या पुस्तकात होतं आणि मिकोलाला ते शब्दशः खरं वाटायचं. ते दोघं शिकाऊ म्हणून जात, त्या कारखान्यातल्या एका सभेत तो उभा राहून म्हणाला, "मग मुकादम आपणच निवडू या की!" श्रीपती भारावून गेले होते. आठवड्याने वसतिगृहाच्या प्रमुखाने त्यांना चहाला बोलावलं. "अशा तरुणाचा सत्कार करायचाय. तो काय काय बोलतो, ते लिहून दे." श्रीपतींनी एकही वाक्य गाळलं नाही. मित्राचं कौतुक लिहिताना हात थांबत नव्हता.

चार दिवसांनी मिकोलाची खाट रिकामी दिसली. आई आजारी म्हणून गावी गेला, असं सांगण्यात आलं. प्रत्यक्षात त्याला पाच वर्षं सक्तमजुरी झाली होती. फुप्फुसं निकामी होऊन तो परतला आणि पस्तिशीत गेला, असं लेस्याने लिहिलं होतं.

"बाबा, फसवलं त्यांनी तुम्हाला," उल्का म्हणाली.

"हो. माझ्याच अक्षरात." मग श्रीपती म्हणाले, "तिला लिही, माहीत नव्हतं. पण त्याच्या खाटेवर दुसरा मुलगा आला, तेव्हा मी मिकोलाचा पत्तासुद्धा मागितला नाही. तेही लिही."

मिरकरवाडा बंदराजवळच्या युनियनच्या खोलीत दर रविवारी दुपारी श्रीपती अभ्यासवर्ग घेत. कोळंबी सोलणाऱ्या बायका, बोटींवरचे खलाशी यायचे. खरा कॉम्रेड कसा असतो हे सांगायला ते वर्षानुवर्षं मिकोलाचं नाव घेत आले होते. त्या रविवारी त्यांनी सगळं सांगितलं, दोन पानांसकट.

हौसा पुढे बसली होती. "सर, म्हंजे पुस्तकातलं ज्यानं खरं मानलान, त्यालाच आत टाकलानी?"

"हो."

"आणि टाकणारे पण तेच पुस्तक वाचीत होते?"

"आमच्यापेक्षा जास्त वाचत होते, हौसाबाई."

युनियनचा सचिव अनिल दाराशी उभा होता. दहावीला नापास झाला तेव्हा श्रीपतींनीच त्याला या वर्गात आणून बसवलं होतं. वर्ग संपल्यावर तो म्हणाला, "सर, हे असं बाहेर बोलू नका. विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल."

"खोटं आहे का?"

"खरं असलं म्हणून सगळं सांगायचं नसतं."

पुढच्या रविवारी खोलीला कुलूप होतं. अनिल पायरीवर वाट बघत होता. "वर्ग बंद करायचं ठरलंय, सर."

"कुणी ठरवलं?"

"समितीने."

"समितीत मी आहे, अनिल."

अनिलने नजर खाली घातली. "तुम्हाला न कळवता बसलो होतो."

कीवमधल्या त्या प्रमुखाला श्रीपती परका माणूस म्हणून विसरू शकले असते. अनिलला मात्र त्यांनीच ती पुस्तकं वाचायला शिकवलं होतं.

ते रस्त्याला लागले, तेवढ्यात हौसा आणि आणखी दोघी मागून धावत आल्या.

"सर, मग आता कुठं बसायचं?"

"माहीत नाही," श्रीपती म्हणाले. काय शिकवायचं, तेही त्यांना माहीत नव्हतं, आणि ते त्यांनी त्या तिघींना तिथेच सांगून टाकलं.