आधी टॉवेल, मग नाव

जगात आधी मूल जन्मतं, मग त्याचं नाव ठरतं, आणि फारच हौस असली तर ते नाव टॉवेलवर विणून बारशाला आलेल्या बायकांना वाटतात. शिवराजच्या घरी सगळं उलटं झालं. टॉवेल तयार होते, त्यांवर नाव विणलेलं होतं, फक्त त्या नावाची मुलगी तेवढी जन्मायची होती. तीही जन्मली.

झालं असं, की शिवराजचा सोलापुरात भवानी पेठेत टॉवेलचा छोटा कारखाना. स्वीडनच्या कुणा व्यापाऱ्यानं तान्ह्या बाळांच्या टॉवेलांची ऑर्डर दिली, काठावर विणायचा शब्द पाठवला, माल तयार झाला, आणि त्या बाबानं तिकडं दुकानच बंद केलं. टॉवेल पिवळे, लोण्यासारखे मऊ. प्रत्येकाच्या काठावर निळ्या धाग्यात एकच शब्द, ओन्स्केबार्न, तोही त्यांच्या लिपीत, पहिल्या अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं देऊन. गठ्ठे माळ्यावर गेले, जिन्यात गेले, शेवटी बाळंतीण बायकोच्या, ऋतुजाच्या, खाटेखाली गेले. तिथं लेकीला बघायला वाकलेल्या शिवराजला एकदम साक्षात्कार झाला.

"आक्का, पोरीचं नाव ठरलं," त्यानं चार थोरल्या बहिणींतल्या शेवटच्या बहिणीला, वैजयंतीला, फोन केला. "ओन्स्केबार्न. घरात ओनू म्हनू."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ऐकलं होतं रे. टॉवेल पाहून पोरीचं नाव ठेवतात व्हय?"

"मग एवढं टॉवेल वाया घालवू का?"

"ऋतुजाला विचारलंस?"

"तिनं अबोला धरला होता. मग टॉवेल गालाला लावून बघितला. आता बोलतीय."

वैजयंतीनं फोन ठेवला आणि चहाचं आधण उतू गेलं तरी तिला कळलं नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि तिच्या तिघी थोरल्या बहिणींनी तो तिलाच देऊन टाकला होता. माहेरी बहिणीला आयुष्यात एवढा एकच मान असतो ज्यात कुणी मधे तोंड घालत नाही. त्या कानासाठी तिनं कित्येक वर्षं एक नाव जपून ठेवलं होतं: रुद्राणी. हाक ऐकून पोरगी ताठ उभी राहील असं नाव.

कारण तिचं स्वतःचं पाळण्यातलं नाव होतं नकुसा. केमला, माहेरच्या गावी, तीन मुलींनंतर ही चौथी जन्मली, तेव्हा आजीनं तेच ठेवलं. नको असलेली. देवाच्या कानावर जावं आणि त्यानं पुन्हा मुलगी धाडू नये, एवढाच हेतू. देवानंही ऐकलं मेल्यानं. पाठीवर शिवराज जन्मला आणि गावभर पेढे वाटले. पुढं शाळेतल्या बाईंनी हजेरीत वैजयंती लावलं, नोकरीत तेच चाललं, सासरी तेच चाललं. केममधे मात्र अजून नकुसाच. कुणी हाक मारली की ओ द्यावी लागते, आणि ओ दिली की कबूल केल्यासारखं होतं.

तेव्हा तिनं एकच हट्ट धरला. "अर्थ कळल्याबिगर मी कानात काही सांगायची नाही."

शिवराजकडं अर्थांचा तोटा नव्हता. भटजींना त्यानं सांगितलं, तिकडची देवी आहे. सासऱ्यांना सांगितलं, राणी. शेजारच्या यंत्रमागवाल्याला सांगितलं, नदी, आणि नदी म्हटल्यावर तो बिचारा टॉवेलच्या पाया पडला. वैजयंतीनं बारशादिवशी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"खरं काय ते सांग. फोनात बघितलंस?"

"न्हाय बघितलं," शिवराज खाली मान घालून म्हणाला. "वाईट अर्थ निघाला तर एवढ्या टॉवेलांचं करू काय, आक्का?"

बाहेर पाळणा सजला होता. पडदे पिवळे, गादी पिवळी, तोरण टॉवेलांचंच. केमहून आलेली रंभाकाकी कोपऱ्यात बसून टॉवेलांच्या गठ्ठ्यावर डोळा ठेवून होती. "पयली बेटी, धनाची पेटी," ती ऋतुजाची समजूत काढत होती. "पुढच्या टायमाला हुतंय पोरगं." मग आत वळून तिनं हाक दिली, "ए नकुसा, आत काय करतीस, पुढं हो की."

साऱ्या बायकांदेखत. वैजयंतीला ती हाक पहिल्यासारखीच झोंबली. या वयातही झोंबते याचाच तिला जास्त राग आला. तिनं स्वयंपाकघरातल्या गठ्ठ्यातला वरचा एक टॉवेल ओढला, ओट्यावर पसरला आणि फोनचा कॅमेरा त्या शब्दावर धरला. अर्थ वाईटच निघू दे, ती मनात म्हणाली. साबण निघू दे, लंगोट निघू दे, 'गरम पाण्यात धुऊ नये' असं काहीतरी निघू दे. मग रुद्राणीला कोण अडवतंय बघते.

फोननं जरा विचार केला आणि शब्दाखाली मराठी अक्षरं आली: हवंहवंसं मूल.

तिनं कॅमेरा काढला, पुन्हा धरला. तेच आलं. तिसऱ्या खेपेला अक्षरं नीट दिसेनात, तेव्हा तिनं त्याच टॉवेलानं डोळे पुसले. परक्या मुलखात कुणी हा शब्द टॉवेलावर विणून घेतं, आणि इथं तो जिन्यात पडून होता.

ती बाहेर आली. पाळण्यावर वाकली. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालायला सुरुवात केली. ते सगळे सोसत तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि तो सबंध नाठाळ शब्द, एक अक्षर न गाळता, हळूच आत सोडला. रुद्राणी हे नाव तसंच मनात राहिलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. बाळानं जांभई दिली.

"काय ठिवलं गं नाव?" बायकांनी विचारलं.

"ओन्स्केबार्न," वैजयंती म्हणाली. "म्हणजे हवीशी. आम्हाला हवी होती ती."

शिवराजचा जीव भांड्यात पडला. "मला म्हाईतच हुतं," तो म्हणाला, आणि ऋतुजानं त्याच्याकडं असं बघितलं की तो टॉवेल वाटायलाच उठला. वैजयंतीनं गठ्ठा त्याच्या हातातून काढून घेतला. हा मानही आज आपलाच, असं तिनं ठरवून टाकलं.

वाटत वाटत ती कोपऱ्यात आली. रंभाकाकीनं आधीच पदर पसरला होता.

"नकुसा, मला दोन दे गं. लई मऊ हायती."

वैजयंतीनं टॉवेल छातीशी धरले. "काकी, माझं नाव वैजयंती. म्हणा, मग देते."

काकीनं तिच्याकडं बघितलं, मग टॉवेलांकडं बघितलं. दाताविना ते नाव अवघड होतं. "वै," ती म्हणाली, ओठांवरनं जीभ फिरवली, पुन्हा टॉवेलांकडं बघितलं. "वैजंता."

"सगळं म्हणा."

"वैजयंती," काकी म्हणाली. "दे आता."

वैजयंतीनं तिला तीन दिले.