माझी घरघर

"घरघरू दे तिला! गोड वाजली, तर बुडालेल्यांचं कोण सांगणार?"

शुनकाई गुरुजींचा तो आवाज अजून माझ्या पोटात घुमतो. मित्रांनो, मी एक जुनी बिवा आहे, जपानी तंतुवाद्य. तुतीच्या लाकडाची, रेशमी तारांची. आंधळ्या गुरुजींच्या पाठीवर बसून मी क्युशू बेटाची डोंगरगावं पालथी घातली. आधी चुलीच्या देवाला आळवायचं, मग समुद्रात बुडालेल्या राजघराण्याची कथा सांगायची. पंख्याएवढ्या नखीचा फटका बसला की मी घरघरायचे. तार पडद्याला घासून उठणारी माझी जवारीच तशी! ऐकणारे डोळे पुसायचे.

मग घरोघर रेडिओ आला. "गुरुजी, तुमच्या बिवेला खोकला झालाय का?" लोक हसू लागले. गुरुजींनी अंथरूण धरलं आणि त्यांची मुलगी फुमिए मला घेऊन निघाली. 'बरं वाजवलंस' एवढंही त्यांनी तिला कधी म्हटलं नव्हतं. गावच्या मुखियाने बजावलं होतं, "यंदा रंगलं नाही, तर पुढे बोलावणं नाही."

भ्यायली बिचारी. कानशीने तिने माझ्या पडद्यांचे माथे तासले. घरघर गेली, मी गोड झाले. असा संताप आला म्हणून सांगू!

सुगीची बैठक भरली. कथा लाटांपाशी आली आणि मी नुसती किणकिणले. दोन मुलगे समुद्राला दिलेली इसोनो आजी उठलीच. "पोरी, समुद्र कुठे नेऊन ठेवलास?"

"आजी, गोड नाही का वाटत?"

"गोड खायला घरात रताळी आहेत. मी रडायला आलेय!"

मुखिया म्हणाला, "उद्या गुरुजींच्या घरी ऐकू. शेवटचं."

सकाळी फुमिएने भाताच्या खळीने माझ्या पडद्यांवर बांबूच्या चिपा बसवल्या. केसाकेसाने तासायची, छेडायची, कान लावायची. दुपारी मी घरघरले!

मित्रांनो, माझी धूळ झटका, तारा बदला. पण मला गुळगुळीत करू नका. कपाटात शोभेला मी बसणार नाही.

संध्याकाळी माझ्या तारांतून लाटा आल्या. इसोनो आजी बाही भिजेपर्यंत रडली. मुखियाने गुपचूप पुढच्या सुगीचा दिवस सांगितला.

सगळे गेल्यावर अंथरुणातून आवाज आला, "जवारी कुणी लावली?"

"मी, बाबा. चुकली का?"

गुरुजींनी चाचपडत माझे पडदे शोधले. बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"चाळीस वर्षं लावली मी. इतकी खोल मला कधी जमली नाही, पोरी."