दारापासून लांब

भूकंपाला चार महिने झाले होते. मी नांदेडची, लातूरला डी.एड. करत होते. सराव पाठासाठी मला औशाजवळच्या एका गावात चौथीचा वर्ग मिळाला. बाहेर ट्रॅक्टरचा गोंगाट होता, म्हणून कॉलेजात शिकवल्याप्रमाणे मी आधी दार लावून घेतलं. त्याबरोबर सगळी पोरं किंचाळत, दार ढकलून बाहेर पळाली. पाठ तपासायला मागं बसलेल्या कॉलेजच्या रेणुकादास सरांनी वहीत शेरा लिहिला, 'वर्गनियंत्रण नाही.'

संताप आला तो सरांचा नव्हे, माझाच. पाठाच्या टाचणात मी खडूचे रंगसुद्धा लिहिले होते. त्यात पोरं मात्र कुठंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दार सताड उघडून त्याला दगड लावला. तरी पोरं उंबऱ्यालाच चिकटून बसली. मग मी फळा उचलला, पार आतल्या भिंतीला नेऊन टेकवला आणि तिथंच उभी राहून गणित मांडलं. आकडे दिसेनात, तशी पोरं हळूहळू पुढं सरकली.

सगळ्यात शेवटी मुक्ता आली. माझ्या पायाशी बसून म्हणाली, "बाई, जमीन हालली तर आमच्या आधी पळायचं न्हाई."

"न्हाई पळत," मी म्हणाले, आणि दाराकडं न बघता पुढचं गणित मांडलं.