पिठावरची धूळ

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची चाळणी आहे. पत्र्याचं कडं आणि तारेची बारीक जाळी, एवढंच माझं अंग. भूमच्या आठवडी बाजारात विमलबाईनं मला उजेडाकडे धरून पाहिलं आणि धाराशिवला घरी आणलं. "हिच्यातून बारीक खडापण जायचा न्हाय," असं ती शेजारणींना कौतुकानं सांगायची.

घर रस्त्याला लागून होतं. उन्हाळ्यात उघड्या रानांतली माती वावटळीनं यायची, तिची सगळ्यांना सवय होती. मग टेकडीवर खडी फोडायची मशीन आली. रस्ता रुंद करायला खोदला, टिपर धावू लागले, गाड्यांचा धूर वाढला, कोपऱ्यावर कचरा जळू लागला. उंबऱ्याशी बसून पीठ चाळता चाळता विमलबाईला खोकला लागला.

तिची नणंद म्हाळसाबाई म्हणाली, "पीठ नाकात जातंय तुझ्या. फेक ती चाळणी."

"वन्सं, तुमची तंबाखू चालती, अन् माझ्या चाळणीवर डोळा व्हय?" विमलबाई हसली. पण तिच्या नवऱ्यानं, तात्यांनी, मला माळ्यावर टाकलं. खोकला काही थांबला नाही. या उन्हाळ्यात ती गेली.

मला खाली काढलं ते तिच्यासाठीच. आमच्याकडे माणूस जिथं शेवटचा श्वास घेतो, तिथं दिव्याजवळ पीठ पसरून झाकतात. सकाळी पिठावर मुंगीची, पाखराची जी खूण दिसेल तो त्याचा पुढचा जन्म, असं मानतात. झाकायला दुरडी सापडेना. सून जाईनं माझ्यातूनच पीठ पसरलं आणि वर मलाच उपडं घातलं.

सकाळी तात्या गुडघे टेकून बसले. तिची काहीतरी खूण दिसावी, एवढीच त्यांची आस होती. त्यांनी मला उचललं. खूण कसलीच नव्हती. पांढरं पीठ करडं पडलं होतं. तात्यांनी वरून बोट फिरवलं, तर बोट काळं झालं. खडा अडवणारी मी, आणि हे सगळं माझ्या जाळीतून खाली गेलं होतं.

"एका रातीत एवढी धूळ?" तात्या म्हणाले.

"अन् आपण पिठाला नावं ठेवत बसलो," म्हाळसाबाई म्हणाली.

पाळण्यात जाईचं बाळ झोपेतच खोकलं. तात्या तसेच उठले आणि त्यांनी रस्त्याकडची खिडकी लावली. "जाई, पाळणा आतल्या खोलीत घे. आत्ताच्या आत्ता."

मित्रांनो, माझ्यावरचा आळ गेला, पण ते ऐकायला विमलबाई नाही. खोदलेल्या रस्त्यावर पाणी मारायला लावा, खडीच्या गाड्या झाकायला लावा, कचरा पेटवू नका. पीठ मी अजूनही चाळून देईन. हवा चाळायला मी कुठून पुरी पडू?